पालथं जोडलेलं आकाश

मी लिहितो आहे याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, पण तेवढ्यावर कुणी आपल्या वडिलांविषयी लिहायला बसावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शिवाय विषय खेळाचा आहे. गिरण्यांच्या संपात लालबागच्या लोकांनी काय काय सोसलं, आणि मी मात्र चित्राचे तुकडे जोडण्याबद्दल सांगणार. पण मला नीट माहीत असलेली गोष्ट हीच आहे.

वडील गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागांवर उभं राहून कापड विणायचे. संपाला वर्ष होत आलं होतं. रोज सकाळी ते दाढी करायचे, गेटपर्यंत जाऊन यायचे आणि मग खोलीत भिंतीला टेकून बसायचे. संप मिटेल आणि आपण परत आपल्या साच्यांवर जाऊ, एवढंच त्यांच्या मनात असायचं. आई दादरला एका घरी पोळ्या लाटायला जाऊ लागली होती. त्याबद्दल ते काही बोलत नसत.

आमच्या इंग्रजीच्या बाई गिरगावात राहायच्या. निबंध परत घ्यायला मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा जेवणाच्या टेबलावर एक अर्धवट चित्र पसरलेलं होतं. मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं छापून त्यांचे हजार तुकडे कापतात आणि लोक ते पुन्हा जोडतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. बाईंचा भाऊ परदेशातून असे खोके पाठवायचा. मी बराच वेळ बघत उभा राहिलो असणार, कारण निघताना त्यांनी एक खोका माझ्या हातात दिला.

"आधी कडा जोड," त्या म्हणाल्या. "मग रंगांचे ढीग कर. आणि बसत नसलेला तुकडा दाबून बसवू नकोस. हे सगळ्यांत कठीण आहे, करून बघ."

चित्र एका बंदराचं होतं. खाली तपकिरी जहाजं, धक्क्यावर माणसं, आणि वरचा अर्धा भाग नुसतं आकाश. चाळीच्या मंडळाचा एक बाद झालेला कॅरम बोर्ड मी आणला. दिवसा त्यावर जोडायचं आणि जेवणाची वेळ झाली की बोर्ड तसाच खाटेखाली सरकवायचा.

"ह्या काय हाडलंस?" आईनं विचारलं. आम्ही सिंधुदुर्गाकडचे, घरात मालवणीच बोलायचो. "अभ्यास सोडून खेळणी?"

"बाईंनी दिलंय," मी म्हणालो. बाई म्हटलं की आईचा विरोध मावळायचा.

त्या तुकड्यांत काय सुख होतं ते मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. तासभर एकही तुकडा लागायचा नाही. डोळे चुरचुरायचे, जहाजाची प्रत्येक दोरी दुसऱ्या दोरीसारखी दिसायची. मग एखादा तुकडा हातातून नुसता खाली ठेवावा तसा आपल्या जागी जायचा. आवाज नाही, काही नाही. बोटालाच कळायचं. चित्रकारानं माणसाचा अख्खा चेहरा तीन ठिपक्यांत केला होता, हे तो तुकडा नखाएवढ्या अंतरावरून दहा वेळा बघितल्यामुळे मला दिसलं. एरवी मी चित्रासमोर इतका वेळ कधी थांबलो असतो?

कडा झाल्या, जहाजं होत आली. आकाशाला मात्र मी कंटाळलो. शेकडो तुकडे, सगळे राखाडी आणि निळे. एके दुपारी वडील भिंतीपासून सरकत जवळ आले.

"ह्या माझ्याकडे दी," ते म्हणाले.

आकाशाचे तुकडे त्यांनी स्वतःच वेचून घेतले, आणि एका पुठ्ठ्यावर सगळे पालथे घातले. रंगाची बाजू खाली, कोऱ्या पुठ्ठ्याची बाजू वर. मी म्हणालो, "बाबा, असं नाही करत. रंग बघून जोडायचं."

"रंग फसयता," ते म्हणाले. "कापडाची गाठ खालून हात फिरवलो की गावता. बघत बसलंस तर तागो निघान जाता."

मागावर ते असंच करत असणार. अंगठा तुकड्याच्या कडेवरून फिरवायचे, दुसऱ्याच्या खाचेवरून फिरवायचे, मान थोडी वळवून, जणू काही ऐकत आहेत. एका बैठकीत दहा-बारा तुकडे लागायचे. मला दिवसभरात तेवढे जमत नसत. मला अभिमान वाटला. बाईंना मी मुद्दाम सांगितलं, आणि त्यांनीही असं कधी ऐकलं नव्हतं.

शेजारच्या खोलीतले काका वडिलांच्याच खात्यात होते, गावही आमच्या गावाला लागून. ते दारातून डोकावून म्हणायचे, "गिरण बंद आणि ह्येनी घरात आभाळाचा खाता उघडल्यान. माका बदली कामगार म्हणान घे रे."

"तुझा काम कच्चा," वडील म्हणायचे. "तुका कोण घेतलो?"

त्या महिन्याभरात ते गेटवर गेले नाहीत असे दिवसही आले. आई एकदा मला हळूच म्हणाली, "जेवतत तरी बरे."

आकाश पुरं झालं तेव्हा ते उलटायचं कसं हा प्रश्न आला. काकांनी एक प्लायवूड आणलं. वरून प्लायवूड, खालून पुठ्ठा, दोघांनी चारी बाजूंनी घट्ट धरून ते एका दमात पालथं केलं. पुठ्ठा उचलला. दारात तीन-चार शेजारी जमले होते.

सगळे पुढे सरकून बघू लागले. मग आई हसली. "मळबात ह्यो जहाजाचो तुकडो खयसून इलो?"

निळ्या आकाशात ठिकठिकाणी तपकिरी डाग होते. एका ठिकाणी शिडाची दोरी, एका ठिकाणी कुणाचा तरी लाल सदरा. असे खोके बनवणाऱ्या कारखान्यात अनेक तुकडे एकाच मापाचे कापत असावेत, त्यामुळे बोटाला ते बरोबर लागले होते. काका म्हणाले, "वरसून बोट चल्ली, वरसून." सगळे हसले. मीही हसलो, हे लिहायला हवं.

वडील चित्रावर वाकले. हात फिरवला. एकही उंचवटा नव्हता.

"बरा झाला हा," ते म्हणाले. "हसतात कित्याक?"

मग आई हसायची थांबली.

परळच्या इस्पितळात तपासलं, तेव्हा वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. पिकल्याशिवाय काढता येणार नाही, तोवर थांबा, असं डॉक्टर म्हणाले. परतताना वडील पुलावर थांबले. "भायर बोलू नको," ते म्हणाले. "संप मिटलो तरी आंधळ्याक साच्यार कोण उभो करतलो?" संपाच्या आधीपासूनच त्यांना धुरकट दिसत होतं. मागावर हातांनी निभावून नेत होते.

बाईंचं चित्र मी दुरुस्त केलं आणि खोक्यात भरून परत दिलं. चुकलेले तुकडे काढून पुन्हा लावायला मला चार दिवस लागले. वडील त्या बाजूला फिरकले नाहीत.

पुढे गिरणी थोडी थोडी चालू झाली. परत घेण्यासाठी छापील फॉर्म आले. चाळीच्या आमच्या मजल्यावर फॉर्म भरता येणारा मी एकटा, त्यामुळे लोक आमच्या खाटेवर येऊन बसायचे. त्यात एक रकाना होता, शारीरिक व्यंग किंवा आजार असल्यास लिहावा. काका म्हणाले, "त्या सोड. कोरा ठेव." काकांचा खांदा निखळलेला होता. मी कोरा ठेवला, पण मला ते बरं वाटलं नाही. फॉर्मच्या तळाशी लिहिलं होतं की डॉक्टरी तपासणी होईल आणि खोटी माहिती आढळल्यास नाव कायमचं कमी केलं जाईल.

वडिलांचा फॉर्म मी शेवटी भरला. डॉक्टरनं डोळ्यांत एकदा बत्ती मारली की त्याला कळणार, आणि मग ऑपरेशननंतरही यांना कुणी घेणार नाही. त्यापेक्षा आपण सरळ सांगितलं तर गिरणीवाले ऑपरेशन होईपर्यंत थांबतील, असा मी विचार केला. छापलेलं वाक्य खरं असतं, असं मी त्या वेळी धरून चालायचो. मी लिहिलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शस्त्रक्रिया करून घेणार आहे.

"काय लिवलंस?" वडिलांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं.  मग मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली.

काकांना बोलावणं आलं. वडिलांच्या बोलावण्याची आम्ही वाट पाहिली. पावसाळ्याच्या आधी आई-वडील गावी गेले, मी परीक्षेसाठी राहिलो. ऑपरेशन गावाकडेच झालं, एक डोळा बरा झाला, पण तोवर भरती संपली होती. तपासणीत खरं निघालंच असतं, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. दीड वर्ष तेवढ्यावर काढलं.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला त्या संध्याकाळी काका पेढा घ्यायला आले. बोलता बोलता मी विचारलं, तपासणीत तुमचा खांदा कसा काय सुटला?

"खयची तपासणी?" ते म्हणाले. "डॉक्टर कोणीच इलो नाय. ज्यांच्या रकान्यात कायतरी लिवलेला, ते फॉर्म क्लार्कान पयल्याच दिसा बाजूक काढल्यान. बाकीचे सगळे आत."

 काकांनी पेढ्याचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"तुझ्या बापाशीक म्हायत आसा," ते म्हणाले. "गेल्या गणेशचवथीक गावाक गेललंय, तेवाच सांगितलंय. माका म्हणालो, झिलाक इतक्यात सांगू नको, त्याची परीक्षा आसा."