कानात अजान द्यायची होती म्हणून

"बाई, आगे मत आना!" एक तरणाताठा माणूस दारात हात पसरून उभा राहिला. आत सकीना कळा देत होती. विणकर करीमची बायको, पहिलटकरीण. करीमनंच मला दवाखान्यातून टांग्यात बसवून आणलं होतं, आणि आता त्याच्याच दारात त्याचं कोणी ऐकेना.

मी नागपूरच्या सरकारी जनाना दवाखान्यात मिडवाइफ होते. इंग्रजांचा काळ. शहरात नुकताच हिंदू-मुसलमान तंटा होऊन गेला होता. आमच्या आळीतले म्हणत, "त्यांच्या मोहल्ल्यात काहून जातं वं?" आणि इकडे बाहेरगावचा एक मौलवी सांगून बसला होता, हिंदू बाईचा हात लागलेलं मूल नापाक. घ्या! दोन्हीकडून माझाच हात वाईट.

सासू आतून रडत ओरडली, "बच्चा आड़ा है, बाई!"

आडवं मूल म्हणजे डोकं खाली नाही. भोवतीची पाण्याची पिशवी फुटायच्या आत पोटावरून हातानं ते वळवायचं. आम्ही त्याला व्हर्शन म्हणतो. पिशवी फुटली की मूलही हातचं जातं, बहुधा आईसुद्धा.

"अरे, मरून राहिली ना ते! सरक गा!" मी खेकसले. तो हलेना.

तेवढ्यात हाफिजजी आले. मोहल्ल्यातल्या मशिदीत मुलांना कुराण शिकवणारे म्हातारबाबा. घाईत अनवाणीच निघालेले.

"कुरान तुझे किसने पढ़ाया?" त्यांनी त्या माणसाला विचारलं.

"आपने."

"तो दिखा, ये कहाँ लिखा है."

"मौलवीसाहब ने कहा है…"

"वो तो चले जाएंगे. मुझे इसी गली में मरना है." हाफिजजी उंबऱ्याशी बसलेच. "बच्चे के कान में अज़ान देनी है मुझे. पहले कान तो दुनिया में आने दो! जा बेटी, अंदर जा."

त्या माणसाचे हात खाली आले. मी आत घुसले.

कळ आली की थांबायचं, ओसरली की हलकेच सरकवायचं. सकीनानं माझा पदर मुठीत धरला होता. डोकं खाली आलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. ऊन उतरायच्या आत मुलगी झाली.

हाफिजजींनी तिच्या उजव्या कानाशी अजान दिली, अगदी हळू. इतकी बाळंतपणं केली, पण त्या दिवशी मी लहान पोरीसारखी रडले.

मौलवी गेला. काही लोक मात्र हाफिजजींशी बोलेनासे झाले. पुढं एकदा त्याच गल्लीत मी विचारलं, "त्रास होऊन राहिला ना तुमाले?"

"होता है, बेटी. वो लड़की गली में दौड़ती दिखे, तो कम होता है."

घरात बसून हळहळणारे भले लोक मी दोन्हीकडे पुष्कळ पाहिले. त्यांच्या हळहळीनं एकही मूल वळलं नाही.