खांद्याइतका ओटा

सूर्यकांतच्या वीस वर्षांच्या नोकरीत एकाही कागदावर खाडाखोड नव्हती. डहाणूतल्या त्याच्या सरकारी कचेरीत याचा मोठा बोलबाला होता. बायको सुधा शाळेत शिकवायची. ती म्हणायची, "देवाने तुम्हाला घडवलं नाही, रकान्यात भरलंय."

१९९२ साली स्टेशनकडचा रस्ता रुंद करायचं निघालं आणि येणारी-जाणारी वाहनं मोजायला त्याला तीन दिवस एका जांभळाखाली बसवलं. छापील तक्त्यात ट्रक, टेम्पो, रिक्षा, स्कूटर, सायकल, बैलगाडी असे रकाने होते. शेजारीच एक जुना दगडी ओटा होता. रुंदीकरणात तो जायचाच होता. बसावं म्हटलं तर हा छातीला लागणारा! बांधणाऱ्याच्या अकलेचं कौतुक करत त्याने खुर्ची मागवली.

सकाळीच डोंगरपट्टीतल्या बायकांची रांग लागली, डोक्यावर लाकडाच्या मोळ्या. सूर्यकांत नुसता बघत राहिला. त्यांचा रकानाच नव्हता, तो तरी काय करणार?

त्यातली एक, बुधीबाई, रांगेतून बाजूला झाली. ओट्याला टेकून तिने डोक्यावरची मोळी अलगद त्यावर सरकवली, पाणी प्यायली, पुन्हा मान घालून मोळी डोक्यावर घेतली. कुणाचा हात लागला नाही. तेव्हा कुठे सूर्यकांतला त्या उंचीचा अर्थ कळला आणि तो मनातल्या मनात खजील झाला.

दुसऱ्या दिवशी तिनेच विषय काढला. "भुईवरची मोळी एकटीला उचलवत नाय, भाऊ. आमच्याकडं वाटेत भेटंल त्यानं हात लावायचा, कोनी नाय म्हनत नाय. माझा पोरगा चिमण होता तवर तोच लावायचा. दोन सालं झाली त्याला जाऊन. बाजारात समदे घाईत, कोनाला सांगू? आता यो ओटाच माझा गडी."

मग तक्त्याकडे बोट करून म्हणाली, "तू काय मोजतोस?"

"गाड्या."

"आनि आमाला?"

ती गेल्यावर सूर्यकांतने पट्टी काढली, कडेच्या कोऱ्या जागेत एक सरळ रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'पायी, डोक्यावर ओझं'. तिसऱ्या संध्याकाळी बेरीज केली तर त्या एका रकान्याने बाकी सगळ्यांना मागे टाकलं होतं.

"सूर्यकांत, तक्ता खराब केलात? तुम्ही?" साहेब म्हणाले.

"खराब नाही केला, साहेब. पुरा केला."

साहेब माणूस भला. त्यांनी बेरीज स्वतः पुन्हा करून पाहिली. रस्त्याच्या एका कडेला पायवाट आणि मागे सरकवून नवा ओटा, एवढं त्यांनी मंजूर करून आणलं.

पण नकाशा आला तो दीड फुटाच्या ओट्याचा. बायका निवांत बसतील म्हणे! डोक्यावर कधी ओझं न घेतलेल्यांची ही चूक सूर्यकांतच्या चांगलीच ओळखीची होती. काम सुरू झालं त्या सकाळी त्याने बुधीबाईला थांबवलं, मोळी उतरवायला स्वतः हात लावला, तिला जांभळाच्या खोडाला पाठ लावून उभं केलं आणि खांद्याजवळ कोळशाने खूण केली.

"एवढा उंच," तो गवंड्याला म्हणाला.

"आणि नकाशा?"

सूर्यकांतने खिशातलं पेन काढलं, दीड फूट खोडून वर नवा आकडा लिहिला आणि खाली सही ठोकली. त्याच्या आयुष्यातली ती पहिली खाडाखोड होती. साहेबांनी ती पाहिली आणि नकाशा मुकाट्याने फायलीत लावला.

ओटा पुरा झाल्यावर पहिली मोळी बुधीबाईचीच टेकली. पाणी पिऊन ती पुन्हा मोळीखाली मान घालू लागली तसा सूर्यकांत, गरज नसताना, दोन्ही हात पुढे करून जवळ गेला.

"हात नको लावू, भाऊ," मोळी सहज पेलत ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघून तिचे डोळे भरले. "पन उभा ऱ्हा. चिमणबी मोळी चढवून असाच उभा ऱ्हायचा."