न ओढलेला रुमाल

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला आरोपी कुठल्या गावचा, हेही सांगता यायचे नाही. रत्नागिरीची ती फसवणुकीची तक्रार मात्र लख्ख आठवते. खरे म्हणजे तक्रार एवढीशी होती. एका वकिलाला एक जुनी मोटार विकत घ्यायची होती आणि मोटारीचा मालक ती देत नव्हता.

हे वीस-तीसच्या दशकांतले दिवस. मी रत्नागिरीत फौजदार होतो. गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि कुठली कुणाची, हे आमच्या हवालदाराला भोंग्यावरून कळे. अशा गावात एके सकाळी मुंबईचे एक वकील ठाण्यात आले. तरुण, सोनेरी काड्यांचा चष्मा, पायांत कातळावरच्या तांबड्या धुळीने माखलेले बूट. जुन्या शर्यतीच्या मोटारी जमवायचा त्यांना नाद होता. त्यांनी अर्ज पुढे केला.

अर्जातला मजकूर असा. मिरजोळ्याच्या बाजूला कातळावर एक म्हातारा राहतो. पूर्वी बोटीवर सारंग होता, म्हणजे खलाशांचा मुकादम. त्याच्याकडे विलायती बनावटीची, दोन माणसांची उघडी मोटार आहे. तशा मोटारी कारखान्याने मोजक्याच काढल्या होत्या. ती विकण्याची जाहिरात वाचून वकील बोटीने आले, दोन दिवस म्हाताऱ्याकडे राहिले, सौदा ठरला, शंभर रुपये बयाणा दिला. निघायच्या वेळी म्हाताऱ्याने मोटार द्यायला नकार दिला आणि बयाणाही परत केला नाही.

"साहेब, हा माझा एकट्याचा प्रश्न नाही," वकील म्हणाले. "कोल्हापूरचे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनाही याने असेच दोन दिवस ठेवून घेतले आणि रिकाम्या हाताने पाठवले. हा त्याचा धंदा आहे."

मी पोस्टात चौकशी केली. म्हातारा दर दोन महिन्यांनी पोस्टमास्तरांकडून तीच जाहिरात लिहून घेई आणि मुंबईच्या वर्तमानपत्राला पाठवी. सहा वेळा पाठवली होती. विकायचाच नाही त्या मालाची जाहिरात माणूस पदरचे पैसे घालून सहा वेळा का देईल? माझ्या पोलिसी डोक्यात संशय शिरला.

त्यात खबर आली. खबर देणारी मासे विकणारी बाई होती. ती बाजारातून ठाण्याच्या मागच्या अंगाला आली, टोपली खाली ठेवली आणि हवालदाराकडे न बघता माझ्याशी बोलू लागली.

"सायब, माजा नाव घेव नका. पन तो सारंग हाय ना, एकटा जीव. रोज मूठभर मांदेली नेतो. आनि मदीच एकदा अख्खी सुरमई! घासाघीस पन करीत नाय. एकटा मानूस अख्खी सुरमई कसा खाईल, तुमीच सांगा."

"कुणी येतं का त्याच्याकडे?"

"येतात ना. परगावची मानसा. कोटवाली."

ती गेल्यावर हवालदार म्हणाला, "साहेब, ही टोळीच असनार. मोटार नुसती दाखवायची."

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन मिरजोळ्याला गेलो. उघड्या कातळावर एकच घर. शेजारपाजार नाही. घराला लागून गोठा होता, पण गुरे नव्हती. आत शेणाने सारवलेल्या जमिनीवर ती मोटार उभी होती. गर्द हिरवी, लांब नाकाची, तारांची चाके, बॉनेटवर चामड्याचा पट्टा. मी मोटारींतला जाणकार नव्हे, तरी पाहतच राहिलो. पितळेच्या दिव्यांत माझी टोपी दिसत होती. सारंगाने न सांगता हँडल मारले आणि इंजिन पहिल्याच फेऱ्याला सुरू झाले.

"रोज सकाळी चालू करतो," तो म्हणाला. "बसा फौजदारसायब. च्या घेतल्याबिगर जायाचा नाय."

सत्तरीचा, काटक, खलाशाची चाल. मी चहा नको म्हटले. चौकशीला गेलेल्या अधिकाऱ्याने संशयिताचा चहा घेऊ नये, हा माझा शिरस्ता होता. त्याचा चेहरा उतरला. मी सरळ बयाण्याचे विचारले. त्याने मोटारीकडे बोट दाखवले. चालकाच्या शेजारच्या आसनावर एक लिफाफा होता, बंद, वकिलांच्या हस्ताक्षराचा. मी फोडून पाहिला. शंभराची नोट आत जशीच्या तशी होती.

"परत का नाही पाठवलास?"

"त्येनी ठेवला तसाच ठेवला. हात नाय लावला," तो म्हणाला. "येतीलच की परत न्यायला."

हे वाक्य मी जबाबात लिहून घेतले. त्याचा अर्थ मात्र तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

पंचनामा करून मी त्याला ठाण्यावर घेऊन आलो. ठाण्यात आणलेली माणसे मी अनेक तऱ्हांची पाहिली. काही थरथरतात, काही आवाज चढवतात, काही पायांवर लोळण घेतात. ठाण्यात बोलावल्याचा आनंद झालेला हा एकच माणूस. बाकावर ऐसपैस बसला, पहाऱ्यावरच्या शिपायाचे गाव विचारले, हवालदाराच्या आजोबांची ओळख काढली. मी एक प्रश्न विचारावा आणि त्याने अर्धा तास बोलावे. एडनला पाण्याचा रंग कसा असतो, वादळात इंजिनखोलीतल्या माणसांना काय सांगायचे असते, सगळे. सौद्याची गोष्ट आली की मात्र अडून बसे.

"सौदा झालाच नाय सायब. रुमाल ओढला नव्हता."

हा रुमालाचा प्रकार बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवा. आमच्याकडे आंब्याचे दलाल तोंडाने भाव बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटे धरायची. एक बोट म्हणजे शंभर, पंजा म्हणजे पाचशे, दोनदा दाबला तर हजार. बघणाऱ्याला काही कळत नाही. भाव पटला की विकणारा रुमाल ओढतो, तेव्हा सौदा पक्का. सारंगाने दर्या सोडल्यावर काही वर्षे बंदरावर आंब्याची दलाली केली होती. मोटारीचा भावही तो याच रीतीने करी. वकिलांना ही रीत ठाऊक नव्हती. बोटे दाबली की ठरले, असे समजून ते लिफाफा ठेवून मोकळे झाले.

म्हणजे कायद्याने तो सुटत होता. पण मला उत्तर मिळाले नव्हते. रुमाल का ओढला नाही? किंमत कमी होती, असेही तो म्हणेना. मी चिडलो. मी तापट माणूस आहे आणि तेव्हा तर फारच होतो.

"चल, दाखव मला," मी म्हणालो. "मी गिऱ्हाईक आहे असं समज आणि सौदा कर."

त्याने खांद्यावरचा चौकडीचा रुमाल काढला आणि टेबलावर आमच्या हातांवर टाकला. त्याचा तळवा खरखरीत आणि कोमट होता. त्याने माझे एक बोट धरले, मग दोन, मग अख्खा पंजा. मी वाट पाहत राहिलो. दाबणार, सोडणार, पुन्हा धरणार, अशी माझी कल्पना. पण त्याने काहीच केले नाही. नुसता हात धरून राहिला. नजर खिडकीबाहेर. हवालदार खाकरला, तरी त्याने हात सोडला नाही.

मी हळूच विचारले, "सारंग, मोटार कुणाची?"

"पोराची," तो म्हणाला.

मग सगळे बाहेर आले. मुलगा मुंबईत एका साहेबाकडे ड्रायव्हर होता. साहेब विलायतेला कायमचा परत गेला तेव्हा त्याने खूश होऊन ही मोटार मुलाला देऊन टाकली. मुलाने शिमग्याला ती घरी आणली, बापाला पुढच्या शिमग्याला फिरवीन म्हणाला आणि आफ्रिकेच्या बोटीवर गेला. तिकडे तापाने वारला. कंपनीचे पत्र आले, माणूस आला नाही. सारंगाची बायको तर त्याआधीच गेलेली.

"पयल्यांदा खरंच विकायला काडली सायब," तो म्हणाला. "बेळगावचे एक मास्तर आले. दोन दिस राहिले. जेवले. पोराचा सगळा इचारून घेतला. मना वाटला, यांना मोटार दिली की हे गेले. मग नाय ओढला रुमाल."

सुरमईचा खुलासा झाला. टोळीचाही झाला. हवालदार उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

इथे मी जे केले ते मला तेव्हा फार शहाणपणाचे वाटले. मी वकिलांना बोलावले आणि दोघांना समोरासमोर बसवले. वकिलांना स्पष्ट विचारले, "मुंबईत ही मोटार खरोखर किती किमतीची?" ते सातशे म्हणाले. मी म्हणालो, "वकीलसाहेब, सातशेच्या मोटारीसाठी माणूस बोटीत दोन वेळा ओकत येत नाही." ते हसले. शेवटी कबूल झाले की जाणकार माणूस हजार-अकराशे सहज देईल. सारंगाला मी सांगितले की असे लोकांना खेळवत राहिलास तर एक दिवस एखादा तुला कोर्टात खेचील. आज न्याय्य किंमत मिळते आहे, देऊन टाक, म्हातारपणाला उपयोगी पडेल.

सारंगाने खांद्यावरचा रुमाल काढून झटकला. मग तो वकिलांच्या हातावर टाकला. पंजा दोनदा दाबला असावा आणि वर एक बोट, कारण भाव अकराशे ठरला. या वेळी त्याने रुमाल ओढला. अगदी हळू, इतका की खालून दोघांचे हात एका बाजूने उघडे पडत गेलेले मला दिसले.

"भाव बराबर झाला सायब," तो मला म्हणाला. "आता येनार कोन?"

मी हसून त्याची पाठ थोपटली. अर्ज निकाली निघाला होता आणि मी खुशीत होतो.

मोटार आंबा घाटाच्या रस्त्याने गेली. वकिलांनी त्याला नाक्यापर्यंत बसून चला म्हटले. तो बसला नाही. त्या आसनावर बसून मुलासोबत जायचे ठरले होते, असे त्याने नंतर हवालदाराला सांगितले. तो गोठ्याच्या दारात उभा राहिला आणि धूळ खाली बसल्यावर आत गेला.

त्यानंतर तो ठाण्यात आला, गोठ्यातले, मोटारीचे हँडल पुसायचे फडके चोरीला गेल्याची तक्रार घेऊन. मी हवालदाराला म्हणालो, डायरीत नोंद कर आणि पाठव. पुढच्या आठवड्यात फडके सापडल्याचे सांगायला आला. मी दौऱ्यावर निघत होतो. उभ्याउभ्याच ऐकले. तिसऱ्यांदा आला तेव्हा कलेक्टरसाहेबांची तपासणी होती. शिपायाने त्याला दारातूनच परत पाठवले आणि ते मी माझ्या खुर्चीवरून पाहिले. चौथ्यांदा तो आला नाही. हे माझ्याकडून चुकले. याला दुसरा शब्द नाही.

पावसाळ्यात मासेवाली ठाण्यात आली, या वेळी पुढच्या दाराने. "सायब, सारंगान चार दिस सुकटसुद्धा नेली नाय," एवढेच म्हणाली. आम्ही भिजत गेलो. तो अंथरुणावर होता, झोपेतच गेला असावा. संशयास्पद काही नव्हते. नियमाप्रमाणे पंचनामा मीच केला. पेटीत अकराशे रुपये होते, बांधलेल्या पुडक्याची दोरीही सोडलेली नव्हती. वर चौकडीचा रुमाल घडी करून ठेवला होता. गोठा स्वच्छ सारवलेला होता.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कुणी विचारले तर मी सांगतो की तक्रारदाराचा अर्ज वाचावा तसा संशयिताचाही वाचावा. तो लिहून आणत नाही, म्हणून जास्त लक्ष देऊन वाचावा. म्हाताऱ्याचा अर्ज माझ्या हातात होता, रुमालाखाली, चांगली पाच मिनिटे. मी तो वाचला आणि निकाल मोटारीच्या किमतीवर दिला. किंमत बरोबर होती. आज कुठल्याही कोर्टात ती टिकेल.

आता मी निवृत्त आहे. पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा दिल्लीला असतो, पत्रे नियमित येतात. बंदोबस्ताच्या काळातली माझी एक जुनी विलायती सायकल आहे, चामड्याच्या बैठकीची. गुडघ्यांमुळे ती चालवणे होत नाही, म्हणून विकायला काढली आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात पाटी लावली आहे. आतापर्यंत पाच-सहा जण येऊन गेले, भाव जमला नाही. शेजारी म्हणतात, फौजदार फार अडून बसतात.

काल एक शाळामास्तर आले. भला माणूस दिसला. मी सांगितली तेवढीच किंमत त्यांनी घासाघीस न करता कबूल केली आणि खिशात हात घातला.

मी म्हणालो, "घाई कसली? बसा, आधी चहा घेऊ."