कुंकू लागलेला आरसा

आमच्या घरात एक दुर्बीण आहे आणि तिचा आरसा मी माझ्या हातांनी घासून केलाय. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक दुर्बीण बघतात आणि आमच्या ह्यांना विचारतात, "काका, कुठून घेतलीत?" हे नुसता अंगठा माझ्याकडे करतात.

माझी शाळा सातवीला सुटली. पुढचं सगळं वाचनालयातून आणि लोकांना विचारून विचारून. साठी उलटल्यावर कळलं की दादरला दुर्बीण बनवायला शिकवतात. गेले. सर माझ्या मुलाच्या वयाचे. म्हणाले, "आजी, मेहनतीचं काम आहे हं." म्हटलं, "चाळीस वर्षं पाट्यावर मसाला वाटलाय, तुमची काच काय मोठी लागून गेली?"

काम ऐकायला सोपं. जाड काचेच्या दोन सहा इंची चकत्या. मधे पाणी आणि खरखरीत भुकटी घालून एक दुसरीवर घासायची. थोड्या थोड्या वेळाने वरची काच फिरवायची आणि आपणही एक पाऊल बाजूला सरकायचं. यंत्र नाही, काही नाही. घासता घासता वरची काच आपली आपणच खोलगट होते, तोच आरसा. मग भुकटी बारीक, त्याहून बारीक, शेवटी पिठापेक्षा मऊ. लालबागला आमच्या चाळीच्या गॅलरीत मी पिंप पालथं घातलं आणि त्याच्याभोवती माझ्या प्रदक्षिणा सुरू झाल्या. समोरची विचारायची, "काकी, कसला मसाला वाटताय? वास कसा येत नाय?"

"चंद्राचा. झाला की वाटीभर पाठवते."

या घासण्याला केवढा इतिहास आहे, ते मला नंतर कळलं. चारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका गृहस्थाने दोन भिंगांच्या नळीतून चंद्रावरचे डोंगर पाहिले. पण भिंगातून बघितलं की कडेला रंग फुटायचे, म्हणून पुढे कोणी आरसा लावला. तोही आधी तांब्या-कथलाचा, सारखा काळा पडणारा. काचेवर चांदी चढवायची युक्ती फार नंतरची. त्यात एका भावाबहिणीची गोष्ट वाचली आणि पुस्तक मिटून बसले. भाऊ तासन् तास आरसा घासायचा, हात थांबवता यायचा नाही, म्हणून बहीण त्याला घास भरवायची. पुढे त्याच बहिणीने स्वतः धूमकेतू शोधून काढले. घास भरवणारी, बरं का!

तर आमची चाळ पाडणार होते. तुळशीच्या लग्नापर्यंत खोल्या खाली करायच्या होत्या. कोणी शीवला, कोणी बदलापूरला, कोणी थेट गावाला. मी मात्र सगळ्यांना सांगून बसले होते, की जायच्या आधी आपल्या गच्चीवरून एकेकाला चंद्र दाखवणार. पुन्हा ही माणसं एका गच्चीवर कधी येणार?

दसरा आला तेव्हा काम शेवटच्या पॉलिशवर होतं. त्यात खालच्या काचेवर राळेचा थर देतात आणि त्यावर लाल पावडर लावून आरसा घासतात. हे गिरणीत माग दुरुस्त करायचे. दसऱ्याला तिथे मागांची पूजा व्हायची, झेंडूच्या माळा, कुंकू, नारळ. गिरणी बंद झाली, पण घरातल्या पान्या-हातोडीला ह्यांचं कुंकू कधी चुकलं नाही. मी आत पुऱ्या तळत होते. बाहेर आले तर पान्याशेजारी माझा आरसा, त्यावर पाच बोटं कुंकू आणि झेंडूचं फूल. ह्यांच्या मनात माझी काच हत्यारांच्या रांगेत बसली होती! माझा ऊर भरून आला.

आणि तिथेच मी चुकले. सणाच्या दिवशी कुंकू खसाखसा धुवायचं जिवावर आलं. ओल्या फडक्याने हलकेच टिपून घेतलं आणि दुपारी घासायला बसले. तासाभराने काच उजेडात धरली तर ओरखड्यांचं जाळं.

दुसऱ्या दिवशी सरांनी भिंगातून पाहिलं. "कुंकवातले खडे राळेत रुतलेत. राळ काढून टाका, दोन भुकट्या मागे जा." मग काच माझ्या हातात देत म्हणाले, "वर धातूची चकाकी चढवायला आता दिवस पुरणार नाहीत, आजी."

घरी येऊन सांगितलं. ह्यांनी समोरचं ताट दूर सारलं. "माका वाटला, हत्यार आसा, पूजा नको?"

"अहो, तुम्ही लावलंत, मी धुतलं नाही. निम्मं निम्मं झालं. जेवा आता."

जेवले नाहीत. पण सकाळी उठून बघते तर स्टोव्हवर डबा ठेवून राळ वितळवत बसलेले. "मागाच्या बेअरिंगात ग्रीस भरलंय जन्मभर, ही काय नवी गोष्ट?" माझ्यापेक्षा सारखा थर दिला त्यांनी. दिवाळीचा फराळ त्या वर्षी समोरचीने केला. मी घासत होते आणि हे पिंपाजवळ उभे राहून माझ्या तोंडात चकलीचे तुकडे घालत होते. समोरची ओरडली, "काका, आमच्याकडे पण पाठवा कोणी भरवणारा!"

आरसा होऊन नळीत बसला, पण चकाकीविना, कोराच. सर म्हणाले, "नुसत्या काचेवरही चंद्र दिसेल, त्याला उजेड पुष्कळ. बाकी काही मागू नका."

भाऊबीजेनंतर तीन दिवसांनी, दिवेलागणीला, गच्चीवर सगळी चाळ. पलीकडच्या दोन टॉवरांच्या फटीतून चंद्र जेमतेम अर्धा तास दिसायचा. रांग लावली. पहिलीच समोरची. डोळा लावला आणि माझा दंडच पकडला. "अगो बाई, खड्डे बघ किती! परळच्या रस्त्यावर उभी असल्यासारखं वाटतंय." एकेक जण डोकावत होता, माझ्याकडे वळून बघत होता. एक म्हातारे तर मला नमस्कारच करायला लागले.

हे टाकीपाशी मागे उभे. चंद्र टॉवरच्या कडेला टेकत आला, तेव्हा हात धरून आणले. चंद्र आड जाईपर्यंत पाहत राहिले. हळूच म्हणाले, "गो, ओरखडो खंयच दिसणा नाय."

"नाहीच आहे तर दिसेल कुठून?"

आता आम्ही शीवला भाड्याने राहतो. आरशावर चकाकी चढली, शनीची कडी दिसते. दसऱ्याला दुर्बीण पान्याशेजारीच असते. हे कुंकवाची वाटी हातात घेऊन उभे राहतात आणि दर वर्षी विचारतात, "झाकण लावलंस ना गो?" मी हो म्हटलं की मगच नळीवर पाच बोटं ओढतात, ठसठशीत.