हाडांतली जागा

आईनं मला चामराजपेटेतल्या माहेरी आणून कोंडलं, ते माझ्या हाडांसाठी. धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला होता आणि सगळ्या घरादारात फक्त माझ्याच पेशी त्याच्याशी जुळल्या. इस्पितळ माहेराजवळ, आणि माझं घर येलहंकाला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. शिवाय माझी मुलगी शाळेतून सारखी सर्दी घेऊन येते. तेव्हा पेशी काढून होईपर्यंत मी माहेरीच राहायचं, असं ठरलं. कुणी ठरवलं ते विचारू नका. आमच्याकडे गोष्टी ठरतात, त्या कुणी ठरवत नसतं.

चाळिशी ओलांडलेली मी, पण मला गेटपर्यंत जायची परवानगी नव्हती. भाजीवाली आली की आई मला आत पिटाळायची. शेजारची अक्का चौकशीला आली तर तिला दारातूनच वाटेला लावायची. मी खिडकीत बसून रस्त्यावरच्या रिक्षा बघायची आणि मनातल्या मनात चडफडायची. भावावर माझा जीव आहे, पण म्हणून राग यायचा थांबत नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी मला सगळं नीट समजावलं होतं. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी हाडांच्या आत, अस्थिमज्जेत राहतात. तिथं त्या एकट्या नसतात. आजूबाजूच्या पेशी त्यांना धरून ठेवतात, खाऊपिऊ घालतात, झोपायचं कधी आणि वाढायचं कधी तेही सांगतात.

“अगदी आमच्या आईसारखं,” मी म्हणाले.

त्या हसल्या. मला रोज एक इंजेक्शन मिळणार होतं. त्यानं ती पकड सैल होते, पेशी रक्तात उतरतात आणि यंत्रानं वेचून घेता येतात. भावाला मात्र जबर औषधं देऊन त्याच्या हाडांतली जागा रिकामी करायची. मग माझ्या पेशी त्याच्या शिरेतून सोडल्या की त्या आपणहून वाट काढत त्या जागी जाऊन बसतात. बसल्या तर.

“त्याची औषधं सुरू झाली की मागे फिरता येत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “त्याच्याजवळ स्वतःचं असं काही उरणार नाही. तुम्ही आजारी पडून चालणार नाही.”

औषधं सुरू झाली. भावजय त्याच्याबरोबर इस्पितळात राहिली आणि मी आईबरोबर घरात. माझीही इंजेक्शनं सुरू झाली. कंबरेत आणि पाठीत असा ठणका लागला, की बसवेना आणि निजवेना. दुखतंय म्हणजे पेशी वाढताहेत, असं म्हणत आई मला गरम पाण्याची पिशवी आणून द्यायची. माझ्या दुखण्यानं तिला बरं वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी ती कोथिंबीर आणते म्हणून बाहेर पडली आणि दुपार होत आली तेव्हा परतली. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातांना लिंबाचा आणि तुपाचा वास. कोथिंबिरीचा पत्ता नव्हता.

“बनशंकरीच्या देवळात गेली होतीस?”

“स्वल्प जाऊन आले. राहुकाळात लिंबाचे दिवे लावले.”

शुक्रवारचा राहुकाळ म्हणजे देवळात मुंगी शिरायला जागा नसते. भाजीवालीच्या खोकल्याला घाबरणारी माझी आई त्या गर्दीत तासभर उभी राहून आली होती. देवळात गेल्यानं कुणाला काही होईल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती खोकायला लागली.

भावाची जागा रिकामी करून झाली होती. मला ताप आला असता तर त्या जागेत ठेवायला जगात दुसरं काही नव्हतं. मी माडीवरच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आई तोंडाला पदर बांधून जेवणाचं ताट जिन्यावर ठेवायची आणि खाली जाऊन खोकायची. मी दर घासाला गिळून बघत होते, घसा दुखतोय का.

शेवटी राहवलं नाही. वरूनच ओरडले, “एवढे दिवे लावलेस, त्यात माझ्या नावाचा एक तरी होता का गं?”

खाली खोकला थांबला.

“तुला काय झालंय?” तिनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

मला ताप आला नाही. ठरल्या दिवशी दोन्ही हातांत सुया घालून मी यंत्राशेजारी पडून राहिले. हलायचं नव्हतं, नाक खाजलं तरी नर्सला सांगावं लागत होतं. टोमॅटोच्या साराच्या रंगाची पिशवी भरली. तिच्याकडे बघताना राग कुठे गेला कोण जाणे, मी नुसतीच ‘बसा गं बायांनो’ म्हणत राहिले.

त्यानंतरही मी माहेरीच राहिले, कारण त्या बसल्या की नाही हे कळेपर्यंत पाय निघेना. रोज सकाळी भावजयीचा फोन यायचा आणि रोज पांढऱ्या पेशींचा आकडा शून्याला चिकटलेला असायचा. मग एका सकाळी भावानं स्वतः फोन केला. आवाज अगदी खोल गेलेला.

“अक्का, पांढऱ्या पेशी दिसायला लागल्या.”

मी स्पीकर लावला. आई स्वयंपाकघराच्या दारातच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मीही रडले. तो वाचला, याहून मोठा आनंद मला आयुष्यात झालेला नाही.

दुपारी मी बॅग भरली. रिक्षा दारात आली. आई फोनवर कुणाला तरी, पोराच्या पेशी आल्या, म्हणून सांगत होती. माहेराहून निघताना ती मला नेहमी कुंकू लावते, ओंजळीत काहीतरी घालते, आजचा दिवस राहा म्हणून भांडते. मी चपला घालून उंबऱ्यापाशी जरा जास्तच वेळ उभी राहिले. तिनं फोनवर हात ठेवला, माझ्याकडे बघून मान हलवली.

“सरी, बरंय, ये गं,” म्हणाली, आणि परत फोनवर बोलायला लागली.