कडब्याच्या कोपीतला सहावा

२००० साली नाताळ आणि येळवस एकाच दिवशी आले. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, बीदरकडची गावं रिकामी होतात. सगळे शेतात जातात, कडब्याची कोप म्हणजे खोपटं उभं करतात, आत लक्ष्मी पुजतात, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात आणि पालेभाज्या-डाळींची भज्जी नि आंबील खातात. नाताळला आमची गल्ली शेजारच्या नर्सअक्कांकडे बिर्याणी खाते. दोन्ही प्रथांना श्रद्धेपेक्षा भुकेचा आधार जास्त.

त्या वर्षी अक्कांची पंचाईत झाली. त्यांचा मुलगा कोळारच्या कारखान्यात लागला होता आणि जहिराबादहून मुलीकडचे नाताळलाच त्याला बघायला येणार होते. मी सुट्टीवर घरी होतो. अक्का वडिलांकडे आल्या.

"अण्णा, तुम्ही समदे शेताला गेल्यावर माझ्या पोराला चांगलं म्हणायला कोण? गल्लीत कुत्रं बी ऱ्हात न्हाई."

"मग घरात कामून बसायलाव? पावण्यासकट शेतात चला."

"अन् बिर्याणी?"

"ती बी आणा."

"लक्ष्मीपुढं मटण?" आई आतून ओरडली. "याड लागलंय का?"

"पांडव बारा वर्षं वनात भज्जीवरच होते व्हय?"

"त्यांनाच इचारा. उद्या भेटणारच हायत."

शेवटी बिर्याणीचं पातेलं बांधापलीकडे ठेवायचं ठरलं. ते शेत ज्याचं, तो पुण्यात वॉचमन होता. त्याची हरकत आली नाही.

पाहुणे जीपनं आले. मुलीची आजी उतरली, कोपीतला दिवा पाहून थेट गुडघ्यांवर बसली. नाताळचा गोठाही कडब्याचाच असतो. तिनं डोळे मिटून प्रार्थना केली, मग पाचही दगड नीट न्याहाळले.

"बच्चा किधर हय?"

अक्कांचा चेहरा उतरला. बाळ येशू घरच्या गोठ्यात, कुलपाआड होता. त्यांनी मुलाला मोटारसायकलवर पिटाळलं. तो परत येईपर्यंत जेवण थांबलं आणि आमच्या शेतात जमलेल्या गल्लीनं त्याची भरपूर स्तुती केली. भूक वाढली तशी स्तुती आटत गेली. शर्टाच्या खिशात बाळ घालून नवरदेव परतला, तेव्हा दोघांचंही सारखंच स्वागत झालं.

बाळ कोपीत ठेवायचं की नाही, यावर सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

"पाच हायत, सहावा बसू दे. लेकरू उघडं हाय, कडब्यात ऊब लागंल."

आजी खूश झाली. मुलीचे वडील आंबिलीचे चार पेले पिऊन कोपीच्या सावलीत झोपले. जाताना म्हणाले, घरी विचारून कळवतो.

या गडबडीत बाळ कोपीतच राहिलं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी ते आणून दिलं. त्याच्या कपाळावर पांडवांसारखंच ठसठशीत कुंकू होतं. आईनं हात आखडता घेतला नव्हता.

"पुसून देतो," वडील ओशाळून म्हणाले.

अक्कांनी बाळ हातातून काढून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या अण्णा. होकार येऊ द्या, मग पुसू."

होकार आठवड्यानं आला. तोवर अक्कांच्या घरी आलेल्या पाद्र्यांना गोठ्यावर टॉवेल झाकलेला दिसला. डास फार झालेत, असं अक्कांनी त्यांना सांगितलं.