स्टीलची पट्टी

ग्लासगोत आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये एक मराठी डॉक्टर राहायचे. रिटायर होईपर्यंत त्यांनी हॉस्पिटलमध्ये पेशंटना भूल दिली. नंतर शनिवारी रायफल क्लब आणि शुक्रवारी दुपारी, खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात, काडतुसांचे फोटो. पांढरा पुठ्ठा धरायला ते मला बोलवायचे, कारण चकचकीत पितळेवर आजूबाजूचं सगळं उमटतं.

प्रत्येक काडतूस ते मऊ फडक्याने पुसून उभं करायचे, मापासाठी शेजारी स्टीलची पट्टी ठेवायचे, नवा डिजिटल कॅमेरा अगदी जवळ न्यायचे आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "हं, आता हलायचं नाही."

"डॉक्टर, सगळी सारखीच तर दिसतात," मी एकदा म्हटलं.

"सारखी नसतात रे. नीट बघावं लागतं." त्यांनी पट्टी सरळ केली. "उद्या ही क्लबात उडवणार. फोटो काढल्याशिवाय मी एकही उडवत नाही."

पुढे मला व्हिसाच्या फॉर्मसाठी फोटो हवा होता.

"दुकानात कशाला जातोस? बस इथेच."

काडतुसांचा ट्रे त्यांनी बाजूला सरकवला. माझ्या कपाळावरचा घाम त्याच फडक्याने टिपला. मग सवयीने पट्टी माझ्या गालाशेजारी उभी धरली, आणि तोच हलका आवाज आला, "हं, आता हलायचं नाही."

फोटो छान आला; त्यातली पट्टीची कड कापून तो फॉर्मला लावला. व्हिसाही मिळाला. पण त्यानंतर शनिवारी सकाळी त्यांची पावलं जिन्यावर वाजू लागली, की ती आमच्या दारावरून पुढे जाईपर्यंत मी हलायचो नाही.